मानाच्या नारळाचा प्रोग्रॅम

माणसाने कीर्तनाला जावं, टाळ्या वाजवाव्यात, गजर चढला की डोलावं आणि कपाळाला बुक्का लावून घरी यावं. देवाचं एवढंच मागणं आहे. कीर्तन संपल्यावर कमिटीची जी बैठक बसते तिला थांबावं, असं एकाही संताने सांगून ठेवलेलं नाही. पण शेखर थांबला. पुढे जे झालं त्याचं मूळ हे थांबणं.

शेखर तसा भला माणूस. चाकणला साचे बनवणाऱ्या एका कंपनीत ड्रॉइंगवर बसतो. मूळचा अंबाजोगाईकडचा, पण दिघीत राहायला येऊन सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत गावच्या सप्ताहातलं एकही कीर्तन त्याने चुकवलेलं नाही. देवळातल्या डावीकडच्या तिसऱ्या खांबाला टेकून तो ऐकतो. त्या खांबावर त्याच्या डोक्याच्या उंचीला खोबरेल तेलाचा एक डाग पडलाय. दर वर्षी रंग देताना रंगारी विचारतो, "हे काय हाय?" आणि पुजारी सांगतो, "ते शेखरभाऊ हायेत, ऱ्हाऊ दे."

बैठकीचा विषय होता मानाचा नारळ. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं, दहीहंडी फुटते आणि मग गावातल्या त्रेचाळीस जुन्या घरांना मानाचा नारळ आणि टोपी देतात. कुणाचा मान कितवा हे ठरलेलं. कुणी ठरवलं ते विचारू नये. चाळीस वर्षं हा नारळ म्हातूबाबा देत आले. कागद नाही, यादी नाही. टाळ-मृदंगाच्या कल्लोळात म्हातूबाबा एकेका मानकऱ्याजवळ जायचे, वाकून कानात काहीतरी सांगायचे आणि नारळ द्यायचे. आणि या मानाचा एक कडक नियम होता: आपला मान कितवा ते तोंडाने कुणाला सांगायचं नाही. सांगितला की फळ गेलं. त्यामुळे चाळीस वर्षांत नवऱ्याने बायकोला सांगितलं नव्हतं.

यंदा म्हातूबाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी बजावलं, आठ दिवस वाकायचं नाही. आता न वाकता कानात कसं सांगणार? कमिटीचे अध्यक्ष नानासाहेब जातीने दवाखान्यात जाऊन यादी विचारून आले. बाबा म्हणाले, "यादी कशाला? घरोघर इचारा की. ज्याचं त्याला म्हाईत हाय."

"पण बोलायचा तर न्हाई ना मान," बैठकीत नानासाहेब म्हणाले. त्यांची जमीन गेली, पैसा आला, पण मिशी तीच राहिली. "मग इचारायचं कसं?"

मंडप, स्पीकर आणि एलईडी पडदा या तिन्हींचं कंत्राट ज्याच्याकडे होतं तो पिंटू म्हणाला, "नाना, बोलायचा न्हाई. दाखवायला कुठं बंदी हाय? पडद्यावर दावू. येकेक नाव, येकेक मान. मागं फुलं पडताना."

यावर तासभर शास्त्रार्थ झाला. लिहिणं म्हणजे बोलणं का? पडदा म्हणजे तोंड का? शेवटी असं ठरलं की पडद्याला जीभ नाही, सबब दोष नाही. ठराव मंजूर झाला तो बेचाळीस विरुद्ध शून्य. गावात असं एकमत पूर्वी कधीही झालेलं नव्हतं, गटाराच्या प्रश्नावरसुद्धा नाही. विशेष म्हणजे हात वर करताना प्रत्येक जण गालातल्या गालात हसत होता. शेखरने हे पाहिलं आणि त्याला वाटलं, ही भक्ती.

"पण समद्यांचे मान गोळा करायचे म्हंजी कुणीतरी वाचणार," मानकऱ्यांपैकी सुभद्राबाई म्हणाल्या. "वाचलं की फुटलं."

तेव्हा तिसऱ्या खांबाजवळून आवाज आला, "माणसाने वाचायची गरजच नाही. मी प्रोग्रॅम करतो."

आता इथे थोडं थांबून त्याच्या व्यसनाबद्दल सांगायला हवं. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या पोटात लिस्प नावाची एक जुनी भाषा असते. तिच्यात प्रत्येक गोष्ट कंसात लिहायची, कंसात कंस, त्या कंसात आणखी कंस. बाकीचे ड्राफ्ट्समन तिला बघून हात जोडतात. शेखरलाही तिने हात जोडायला लावले, पण भक्तीने. त्याने घरच्या लॅपटॉपवर थोरली लिस्प आणून बसवली आणि गेली पाच वर्षं तो तिच्यात घरातल्या गॅस सिलिंडरच्या तारखांपासून मेहुण्याच्या लग्नातल्या पंगतींपर्यंत सगळं लिहीत होता. "कंस उघडला की मिटायची जबाबदारी आपली," असं तो म्हणायचा. बायको जयमाला म्हणायची, "कपाटाचं दार पण."

योजना साधी होती. प्रत्येक घराने आपापल्या मोबाइलवर एक छोटा फॉर्म भरायचा. वरच्या चौकटीत मान, खालच्या चौकटीत नाव. तो थेट शेखरच्या प्रोग्रॅमात जाणार. मध्ये माणसाचा डोळा नाही. आणि कुणाला शंका राहू नये म्हणून शेखरने सगळ्यांसमोर विठ्ठलाच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली: आत काय आलंय ते मी बघणार नाही. मोजीन, पण बघणार नाही.

नानासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शेखरराव, तुमी भायेरचे, पर आपले. येकच सांगतो. शेजारच्या गावात नारळावरनं सप्ता फुटला. आता दोन मांडव पडत्यात, समोरासमोर. दोन कर्णे. हिकडचं कीर्तन तिकडं ऐकू येतंय आन तिकडचं हिकडं, आन कुणालाच कायबी ऐकू येत न्हाई. आपल्याकडं तसं झालं तर तुमचा तो खांब कुनाच्या मांडवात जायाचा, ते तुमचं तुमी बघा."

शेखरने वळून खांबाकडे पाहिलं. खांब गेला तर त्याचं दिघीत राहिलं काय? फ्लॅटचे हप्ते.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये त्याने नागसेनला सगळं सांगितलं. नागसेन पिंपरीचा. त्याचे वडील कारखान्यात फिटर होते. हा शेखरच्या शेजारच्या टेबलावर बसून मशीनचे प्रोग्रॅम करतो. डोकं तल्लख आणि जीभ त्याहून तल्लख.

"त्रेचाळीस नावं आहेत ना, भावा? वहीत लिही."

"वही वाचता येते. तोच तर प्रॉब्लेम."

"मग आता काय करणार?"

"तेच ठरत नाही," शेखर कळवळून म्हणाला. मोशीच्या सिग्नलला बस थांबली होती आणि ती इतक्यात हलणार नव्हती, म्हणून त्याने सविस्तर मांडलं. एका गोष्टीला दुसरी गोष्ट बांधून ठेवायच्या, मानाला मानकरी, तर लिस्पमध्ये तीन वाटा. पहिली असोसिएशन लिस्ट, म्हणजे जोड्यांची माळ. एकेका मण्यात मान आणि नाव गाठ मारून ठेवायचं. शोधताना पहिल्या मण्यापासून ओवत जायचं आणि हवा तो मणी सापडला की थांबायचं. दुसरी प्रॉपर्टी लिस्ट. तिच्यात गाठी नाहीत. मान, नाव, मान, नाव, सगळे एका पंगतीत सरळ बसलेले. तिसरं हॅश टेबल. ते म्हणजे टपाल कचेरीतले खण. मान सांगितला की हात थेट त्या खणात. माळ ओवायला नको.

"त्रेचाळीस नावांना हॅश टेबल?" नागसेन म्हणाला. "एक नारळ आणायला कंटेनर पाठवतोस तू."

"देवाचं काम आहे," शेखर दुखावून म्हणाला. "देवाच्या कामाला भारीतलं वापरावं."

तर हॅश टेबल ठरलं. सप्ताहाच्या तिसऱ्या दिवसापर्यंत फॉर्म आले. सगळ्यात पहिला नानासाहेबांचा, कारण अध्यक्ष. सगळ्यात शेवटचा पिंटूचा, कारण पिंटू. म्हातूबाबांचंही घर त्रेचाळीसांत होतं, पण ते दवाखान्यात. त्यांची नात साक्षी म्हणाली, बाबांना जरा आराम पडला की विचारून भरते. म्हणजे आले बेचाळीस. शेखरने डोळे मिटून टेबलाला विचारलं, नोंदी किती? डोळे किलकिले केले. बेचाळीस. त्याने देवाला नमस्कार केला.

मग आपल्या बाजूने परीक्षा म्हणून त्याने एक खोटी नोंद घातली. मानाच्या जागी "चहा" आणि नावाच्या जागी "बिनसाखरेचा". लगेच विचारलं, चहाच्या खणात काय आहे? उत्तर आलं, निल. लिस्पमध्ये "नाही" म्हणायचं असो की "रिकामं" म्हणायचं असो, दोन्हींना एकच शब्द: निल. वैराग्य म्हणतात ते हेच. पण आत्ता स्वतःच्या हाताने ठेवलेला चहा लगेच नाही कसा?

"ते टेबल फार कडक आहे, राव," बसमध्ये नागसेनने निदान केलं. "तू ठेवलेला 'चहा' आणि तू विचारलेला 'चहा', अक्षरं तीच असली तरी त्याच्या मते हे दोन वेगळे चहा. तीच वस्तू आण म्हणतं. सारखी दिसणारी चालत नाही. बनवतानाच सांगावं लागतं, बाबा रे, सारखं दिसलं की तेच समज."

"म्हणजे आपल्या देवळातला विठ्ठल आणि माझ्या अंबाजोगाईच्या घरातला विठ्ठल याच्या मते दोन वेगळे देव?"

"मी त्या विषयात पडत नाही," नागसेन म्हणाला, "पण हो."

असलं नास्तिक टेबल शेखरने मोडलं आणि सांगून-सवरून नवीन केलं. चहा सापडला. तो काढून टाकला, सगळे फॉर्म पुन्हा आत ओतले आणि डोळे मिटून विचारलं, नोंदी किती? किलकिले केले.

एक.

बेचाळीस घरं आणि नोंद एक. एकेचाळीस घरं कुठे गेली? शेखर जेवला नाही. जयमालाने विचारलं, "काय हरवलं?" तो म्हणाला, "वरची आळी, खालची आळी आणि मळा."

ही बातमी शेखरने कुणाला सांगितली नाही, फक्त जयमालाला. तिने शेजारच्या विजयश्रीवहिनींना सांगितली, आणि पुढचं काम सोसायटीने केलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मजल्यावर सल्ला तयार होता. विजयश्रीवहिनी म्हणाल्या, "एक्सेल घ्या भावजी, आमच्या भिशीचं त्यातच असतं." दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार म्हणाले, "परेडला हजेरी कमी भरली तर पुन्हा मोजत नाहीत. पुन्हा उभं करतात." लिफ्ट दुरुस्तीवाला म्हणाला, "बंद करून चालू करून पाहिलं का?" शेखरने तेही पाहिलं. एक.

नागसेन मात्र बसमध्ये म्हणाला, "एक खण, एक मान. त्याच मानाचा दुसरा फॉर्म आला की हे टेबल जुन्याला बाहेर काढतं आणि नव्याला बसवतं. शेखर, आत काय आलंय ते बघ."

"शपथ आहे."

"एकदा."

"विठ्ठलाच्या पायावर हात ठेवलाय, नागसेन. पाय थंड होते. अजून हाताला गार लागतंय."

नागसेनने हात जोडले. एखाद्याच्या शपथेची थट्टा करण्याइतका तो तल्लख नव्हता, म्हणजे त्याहून बरा माणूस होता.

मग आली माळ. माळेत कुणी कुणाला बाहेर काढत नाही. नवा मणी पुढे ओवला जातो आणि जुना मागे सरकतो, पण राहतो. शेखरने मोजले तर बेचाळीस मणी. सगळे आहेत! मग त्याने पहिल्या मानाला हात न लावता बाकीचे विचारून पाहिले. त्याची समजूत अशी की पहिला विचारणं म्हणजे बघणं, पण दुसऱ्यापासून पुढे नुसतं "आहे की नाही" एवढंच कळलं तर पाप निम्मं. दुसरा मान? निल. तिसरा? निल. असं करत त्रेचाळिसाव्यापर्यंत गेला. निल, निल, निल. बेचाळीस मण्यांच्या माळेत दुसरा, तिसरा, चौथा कुणीच नाही. आता मात्र त्याची खात्री पटली की आपल्याला लिस्प येत नाही. पाच वर्षं आपण नुसते कंस मिटत होतो.

जयमाला पोळ्या लाटत होती. त्याचा चेहरा बघून ती म्हणाली, "अहो, मला ते खण आणि माळ काही कळत नाही. पण सप्ताहात एवढी माणसं जेवतात, कोण कुणाला शोधतं? सरळ पंगत बसवा. ज्या क्रमाने आले त्या क्रमाने वाढत जा. शोधायचंय कशाला?"

शेखरच्या डोक्यात घंटा वाजली. प्रॉपर्टी लिस्ट! मान, नाव, मान, नाव. शोधायचंच नाही. पहिल्या पाटापासून दोन-दोन जण उचलायचे आणि पडद्यावर दाखवायचे. जे असेल ते गावासमोर येईल.

आता एक बारीकशी गोष्ट. शेखरची फार वर्षांची शिस्त होती की रिकामं काही साठवायचं नाही. चौकट कोरी आली तर प्रोग्रॅम ती गुपचूप टाकून द्यायचा. खणांत आणि माळेत याने काही बिघडत नव्हतं, तिथे जोडी बांधलेली असते. पंगतीचं तसं नाही. पंगतीतला एक पाट उचलला की पुढचे सगळे एकेक पाट सरकतात, आणि ज्याच्या पानात पुरणपोळी पडायची त्याच्या पानात मीठ पडतं. हे शेखरला माहीत होतं. पण चौकट कोरी कोण ठेवणार? माणूस स्वतःचं नाव लिहायला विसरतो का?

माणूस विसरत नाही. अध्यक्ष विसरतात. खरं तर तेही विसरले नव्हते. नानासाहेबांनी मान लिहिला आणि नावाच्या चौकटीपाशी ते हसले होते. आपलं नाव आपण काय लिहायचं? गावाला माहीत आहे.

काल्याच्या दिवशी सकाळी शेखरने पंगत मोजली. पाट चौऱ्याऐंशी, म्हणजे जोड्या बेचाळीस. म्हातूबाबांचा फॉर्म अजून यायचाय, तेव्हा हिशेब बिनचूक. त्याला कुठे ठाऊक होतं की तासाभरापूर्वीच साक्षीने बाबांचा फॉर्म भरलाय? मानाच्या चौकटीपाशी तिने विचारलं होतं, "बाबा, तुमचा कितवा?" आणि बाबा म्हणाले होते, "वाटनाऱ्याला कसला मान? सोड कोरं." अशा रीतीने पंगतीच्या सुरुवातीला एक नाव कमी होतं आणि शेवटाला एक मान कमी होता, आणि आकडा सम आल्यामुळे कुणाला काहीच कळत नव्हतं.

मांडव भरला. प्रभावतीताईंचं काल्याचं कीर्तन! काय सांगावं? त्या बाईंच्या गळ्यात देवाने साखर आणि सुंठ दोन्ही ठेवलीय. हसवता हसवता रडवतात, रडता रडता टाळी वाजवायला लावतात. पण शेखरला त्या दिवशी काही ऐकू आलं नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा तो खांब सोडून पडद्याखाली उभा होता, आणि तोही पडद्याकडे पाठ करून, शपथ पाळत. लॅपटॉपवर नागसेन बसला होता. "मी विहारात जाणारा माणूस," तो सकाळी म्हणाला होता, "पण मित्र बुडत असला तर तळं कुणाचं ते बघत नाहीत."

हंडी फुटली. दह्याचे शिंतोडे पिंटूच्या स्पीकरवर उडाले. पिंटूने माइकवर जाहीर केलं, "आता मानाचे मानकरी! पडद्याकडं लक्ष द्या!" नागसेनने बटण दाबलं.

शेखरला पडदा दिसत नव्हता. त्याला दिसत होता समोरचा हजार माणसांचा मांडव. आणि त्या मांडवाचा चेहरा बदलत गेला. आधी हसरा, मग शांत, मग सगळ्यांच्या भुवया एकदम वर, जणू कुणी दोरीने ओढल्या.

"नागसेन," तो पुटपुटला, "काय आलंय?"

"वळू नकोस," नागसेन म्हणाला. "तू वळू नकोस, राव."

पडद्यावर फुलं पडत होती आणि दोन रकाने सरकत होते. पहिली ओळ: पहिला, पहिला. मग: सुभद्राबाई, पहिला. शालनबाई, पहिला. मळ्यातले बाजीराव, पहिला. पुढची ओळ, पहिला. त्याच्या पुढची, पहिला.

"आगं बया!" सुभद्राबाईंचा आवाज फुटला. "शालनचाबी पैला?"

"माझा तर हायेच," शालनबाई म्हणाल्या. या दोघींनी बांधावरच्या शेवग्याच्या झाडावरून एकोणीस वर्षं एकमेकींशी शब्द बोललेला नव्हता. "तुझा कसा?"

"बाबांनी कानात सांगितलाय! सासऱ्यास्नी सांगायचे, मग मला सांगाया लागले!"

"आन मला काय नाकात सांगितलाय?"

मांडवात गलका उठला. "आमचा पैला!" "आमचाच!" चाळीस वर्षं दाबून ठेवलेला मान बेचाळीस घरांच्या तोंडातून एकदम बाहेर पडला. नानासाहेब उभे राहिले. मिशी थरथरत होती. "समद्यांची नावं आली. आन माझं? माझं नावच न्हाई? शेखरराव!"

शेखरने डोळे मिटले. त्याला समोरासमोर दोन मांडव दिसले. दोन कर्णे. मधल्या मोकळ्या जागेत एक खांब, त्यावर तेलाचा डाग आणि टेकायला कुणी नाही.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी रिक्षा थांबली. साक्षीच्या खांद्यावर हात ठेवून, डोळ्याला हिरवी पट्टी लावून म्हातूबाबा ताठ चालत आत आले. ताठ, कारण वाकायचं नव्हतं. काल्याला ते येणारच होते. डॉक्टरांनी वाकू नका म्हटलं होतं, ऐकू नका म्हटलं नव्हतं.

सगळे त्यांच्याकडे वळले. नानासाहेब म्हणाले, "बाबा, आता तुमीच सांगा. विठ्ठलाच्या समोर. पैला मान कुनाचा?"

बाबांनी उघड्या डोळ्याने पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग निवांत म्हणाले, "ह्येच तर लिवलंय की. बराबर हाय."

"समद्यांचा पैला?"

"मंग? पैल्या साली मी खरोखरचे आकडे सांगितले व्हते. पैला, दुसरा, तिसरा. ज्याला तिसरा म्हनलो त्यो वरीसभर देवळाची पायरी चढला न्हाई. ज्याला पंधरावा म्हनलो त्येनं कीर्तनाच्या टायमाला मुद्दाम मोटार चालू ठिवली. दुसऱ्या वर्षी म्या समद्यास्नी पैला सांगितला. तवापासनं चाळीस वर्सं कोन चुकलं का काल्याला? सांगा. फकस्त येकमेकात बोलू नगा म्हनलो. फळ जातंय म्हनून. गेलं आज."

प्रभावतीताईंनी वीणा सावरली आणि माइक जवळ घेतला. "माउली," त्या म्हणाल्या, "चूक कुठे झाली सांगू? तुम्ही आजवर मानाला विचारत होतात, बाबा रे, तू कुणाचा? पहिला मान एक, आणि त्रेचाळीस जण त्याच्या दारात. मारामारी होणारच. या पडद्याने उलटं केलंय. नाव पुढे घेतलं आणि नावाला विचारलं, तुझा मान कितवा? मग कुणाचंही नाव घ्या, उत्तर एकच. देवाच्या घरची यादी अशीच असते हो. तो मान बघून माणूस शोधत नाही. माणूस बघतो आणि मान देतो."

नागसेन ताडकन उठला. "बाई लिस्पच्या आहेत," तो शेखरच्या कानात म्हणाला. "चावी आणि किंमत, म्हणजे मान आणि नाव, यांची अदलाबदल. एवढंच करायचं होतं, राव."

"आन माझं?" नानासाहेब अजून उभेच होते. आवाज मात्र खाली आला होता.

"नानासाहेब," ताई हसल्या, "ती पहिली ओळ बघा. 'पहिला, पहिला.' ते तुम्हीच. नावाची गरज पडली नाही. यंत्रानेही ओळखलं."

मांडव हसला. नानासाहेबांनी आधी मिशीला हात लावला, मग कानाला, आणि हळूच खाली बसले. "नाव म्याच न्हाई लिवलं," ते शेजारच्याला म्हणाले. त्यांच्या तोंडून असला कबुलीजबाब गावाने पहिल्यांदा ऐकला.

"थांबा, थांबा," पिंटू ओरडला. "माझं काय झालंय बघा की!"

पडद्यावरची शेवटची ओळ स्थिरावली होती. पिंटूच्या नावासमोर सरकत सरकत जे येऊन बसायचं ते बसलं होतं. पिंटू, म्हातू.

"पिंट्याचा मान म्हातू?" कुणीतरी हसलं. "ह्यो कितवा?"

पिंटू हसला नाही. एरवी पिंटूला न हसलेला कुणी पाहिलेला नाही. तो पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने समोरच्या ढिगातला एक नारळ उचलला, बाबांना खुर्चीत बसवलं आणि तो नारळ त्यांच्या मांडीवर ठेवला. बाबांना वाकता येत नव्हतं, म्हणून तो वाकला आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलला.

बाबांची हिरवी पट्टी भिजली. डॉक्टरांनी रडूही नका असं सांगितलं होतं.

मग नानासाहेब उठले. नारळ घेतला, वाकले, कानात बोलले. सुभद्राबाई उठल्या. शालनबाई उठल्या. दोघी एकाच वेळी पोचल्या, थबकल्या, आणि एकोणीस वर्षांनी सुभद्राबाईंनी तोंड उघडलं, "जा तू पैली." "न्हाई, तू," शालनबाई म्हणाल्या. त्यावरून पुन्हा भांडण जुंपणार होतं, पण मृदंगवाल्याने वेळ ओळखून थाप मारली आणि टाळकऱ्यांनी असा गजर उचलला की गावाला लागून असलेल्या लष्कराच्या हद्दीपलीकडे ऐकू गेला असेल. बाबांच्या भोवती नारळांचा ढीग झाला. बेचाळीस घरं, बेचाळीस नारळ आणि प्रत्येकाने कानात सांगितलेलं एकच वाक्य. ते काय होतं हे सगळ्यांना कळलं होतं आणि कुणीही कुणाला सांगितलं नाही. फळ परत आलं.

शेखर अजून पाठ करूनच उभा होता. जयमाला त्याच्याजवळ आली. "अहो, वळा आता. गावाने वाचलंय सगळं."

तो वळला. पण पिंटूने तोवर पडदा बंद केला होता. इतक्या खटाटोपाची यादी ज्याने केली त्याला ती कधीच दिसली नाही. तो मुकाट्याने आपल्या खांबाकडे गेला आणि डाग पाहून त्यावर डोकं टेकवून उभा राहिला. आता कुठे त्याला मृदंग ऐकू आला.

निघताना म्हातूबाबांची रिक्षा नारळांनी इतकी भरली की साक्षीला रिक्षावाल्याशेजारी बसावं लागलं. बाबांनी बोटाने शेखरला बोलावलं. शेखर वाकला. बाबांनी त्याच्या हातात एक नारळ ठेवला आणि कानात काहीतरी सांगितलं. शेखरने नारळ दोन्ही हातांनी धरला. सोळा वर्षं भायेरचा होता तो.

घरी आल्यावर त्याने ही गोष्ट जयमालाला सांगितली नाही. नियम म्हणजे नियम. नारळ देवापुढे ठेवायला गेला तर तिथे आधीच एक नारळ होता. "हा कुठला?" त्याने विचारलं. "असाच," जयमाला म्हणाली आणि पदराने तोंड पुसत आत गेली.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये नागसेन हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. बाइक पंक्चर होती म्हणे, आणि म्हणून हेल्मेट. मोशीच्या सिग्नलला बसने ब्रेक मारला तेव्हा हेल्मेटातून एक नारळ निसटला आणि गडगडत ड्रायव्हरपर्यंत गेला.

"हा रे कुणी दिला?" शेखरने विचारलं.

नागसेनने नारळ उचलून आणला, हेल्मेटात नीट बसवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "निल."